घरात कोण कोण आहे, ते आधी विचारा

चहा घ्या. साखर किती घालू, हे मी विचारणार नाही. वहिनी शेजारी बसलेल्या असताना हा प्रश्न विचारणं म्हणजे आरोग्यविषयक गोपनीय माहिती चारचौघांत मागवणं. तुम्ही जे उत्तर द्याल ते माझ्यासाठी नसेल, वहिनींसाठी असेल. "बिनसाखरेचा चालेल" म्हणाल, आणि मी ओट्यापाशी गेलो की पाणी पिण्याच्या निमित्ताने मागोमाग येऊन दोन बोटं दाखवाल. दोन्ही उत्तरं तुमचीच, दोन्ही खरी. एक इतिवृत्तात जायचं, दुसरं प्रत्यक्ष अंमलबजावणीसाठी.

एवढी साधी गोष्ट आहे. पण तिच्यावरून देशोदेशीच्या आरोग्य-सर्वेक्षणवाल्यांनी तुमच्या-माझ्यावर केवढं बालंट आणलंय, याची तुम्हाला कल्पना नसेल. मलाही नव्हती. जन्मभर आवक-जावकच्या टेबलावर बसलो, निवृत्तीनंतर वेळ मिळाला म्हणून थोडं वाचलं. निदर्शनास आलं ते असं, की दारू, तंबाखू, वजन, शौचाच्या सवयी, बाहेरची लफडी अशा विषयांवर आपण दिलेली उत्तरं ही मंडळी जशीच्या तशी धरतच नाहीत. चारचौघांत बरं दिसावं म्हणून आपण उत्तर वाकवतो, असा त्यांचा आक्षेप आहे. प्रश्न कुणी विचारला, कुठे विचारला, दाराआड कोण उभं होतं, हे सगळं त्यांच्याच निबंधांत लिहिलेलं असतं. तरी कारणे दाखवा नोटीस निघते ती उत्तर देणाऱ्याच्या नावे.

आता माझं प्रकरण पाहा. आमच्या भागातल्या आशा सेविका, म्हणजे आशाताई, गुणाची बाई. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी त्यांच्याकडे एक तपासणी-यादी असते. वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम, घरात कुणाला रक्तदाब-मधुमेह-हृदयविकार. प्रत्येकाला गुण. बेरीज चारच्या वर गेली की तुम्हाला तपासणीला आधी बोलावतात. जास्त गुण मिळाले म्हणून घरच्यांनी काळजीत पडावं अशी ही मी दिलेली एकमेव परीक्षा.

परीक्षेलाही माझी हरकत नाही. हरकत परीक्षाकेंद्राला आहे. केंद्र म्हणजे आमची ओसरी. तिथे शेजारचे अण्णा पेपर न्यायला आलेले, आणि पेपर हातात मिळाल्यावरही ते गेलेले नाहीत. आत स्वयंपाकघरात ही. मधल्या दारात सूनबाई. अशा परिस्थितीत आशाताईंनी विचारलं, "काका, तंबाखू?"

मी म्हटलं, "नाही."

आतून "हं" असा आवाज आला. हा "हं" नोंदवायला फॉर्मवर रकाना नाही. माझं म्हणणं आहे, तो असायला हवा. या देशातल्या पुरुषांच्या आरोग्याची निम्मीअधिक विश्वसनीय माहिती त्या "हं"मध्ये आहे आणि ती वर्षानुवर्षं वाया जाते आहे.

पुढचा प्रश्न, रोज दारू पिता का. लक्ष द्या, रोज. ह्या प्रश्नाला आख्ख्या तालुक्यात कुणी "हो" म्हटलं असेल तर त्या सत्पुरुषाची मला गाठ घालून द्या. आपल्याकडे रोज पिणारा माणूस अस्तित्वात नाही. आपल्याकडे सगळे "कधीतरी"वाले. ते कधीतरी रोज आलं तर तो कॅलेंडरचा दोष. मी "नाही" म्हणालो, ते शंभर टक्के सत्य होतं आणि अण्णांनी त्या वेळी खोकण्याचं काहीएक कारण नव्हतं.

मग व्यायाम. आठवड्याला किमान दीडशे मिनिटं होतो का? मी म्हटलं, रोज फिरायला जातो. अण्णा म्हणाले, "कट्ट्यापर्यंत." मला सांगा, फॉर्मवर अंतर विचारलंय का? मिनिटं विचारली आहेत. कट्ट्यावर बसून जी मिनिटं जातात ती मिनिटं नव्हेत, असा शासन निर्णय कुठे आहे?

शेवटी टेप निघाली. पुरुषांना ९० सेंटिमीटरपर्यंत शून्य गुण, ९१ ते १०० ला एक, त्याच्या वर दोन. बायकांच्या मर्यादा दहा-दहा सेंटिमीटरनी खाली. टेप कंबरेभोवती आली त्या नेमक्या क्षणी मी श्वास आत घेतला, असं आमच्या घरात अजून बोललं जातं. मी श्वास घेतच असतो. तो कोणत्या क्षणी घ्यावा याबाबत आशाताईंनी पूर्वसूचना दिलेली नव्हती.

हीच विचारणा इतरत्रही झाली, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळ्या रीतीने झाली. डॉक्टरांनी दार लावून घेऊन, माझ्याकडे न बघता, कागदावर लिहिता लिहिता "घेता का काही?" असं विचारलं. इतक्या सभ्यपणे विचारल्यावर माणूस आपणहून ब्रँडपर्यंत येतो. विमा एजंटाने तर विचारलंच नाही. तो घरी आला तेव्हा धूम्रपान, मद्यपान, पूर्वीचे आजार या तिन्ही ओळींत "नाही" आधीच लिहून आणलेलं होतं, मी फक्त सही केली. एका रुग्णालयातून ध्वनिमुद्रित बाईंचा फोन आला: "होय असल्यास एक दाबा, नाही असल्यास दोन दाबा." मी बसमध्ये उभा, एका हातात दांडी, दुसऱ्या हातात फोन. अंगठा जिथे पोचला ते माझं उत्तर. आता या सगळ्या नोंदी कुणी शेजारी शेजारी ठेवल्या तर म्हणेल, हा माणूस विसंगत माहिती देतो. विसंगत मी आहे की ते?

आता विद्वानांनी यावर काढलेले उपाय ऐका, म्हणजे तुम्हालाही वाटेल की आपला विचार कुणी केलेलाच नाही.

पहिला उपाय: माणूस हटवा, यंत्र बसवा. अमेरिकेत १९९५ साली किशोरवयीन मुलांचं एक राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. काही मुलांना कागदावर उत्तरं लिहायला दिली, काहींच्या कानाला हेडफोन लावून संगणक समोर ठेवला. प्रश्न कानात ऐकू येणार, उत्तर बटणाने द्यायचं, खोलीतल्या कुणाला काही कळणार नाही. त्याचे निष्कर्ष १९९८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात छापून आले. दुसऱ्या मुलाशी लैंगिक संबंध आल्याचं कागदावर दीड टक्के मुलांनी सांगितलं होतं, संगणकाला साडेपाच टक्क्यांनी. देश तोच, प्रश्न तोच, आणि आकडा तिपटीहून जास्त. झालं. साऱ्या जगाने ठरवलं, माणसापेक्षा यंत्रापाशी लोक मोकळे होतात.

मग तो प्रयोग आपल्या पुण्यात आला. रुक्मिणी पोतदार आणि मायकेल कोनिग यांनी पुण्यातल्या अविवाहित तरुणांवर तो करून पाहिला आणि २००५ मध्ये प्रसिद्ध केला. कॉलेजातल्या मुलांनी संगणकाला जास्त सांगितलं, अपेक्षेप्रमाणे. वस्तीतल्या मुलांनी मात्र सगळ्या सिद्धांतावर पाणी ओतलं. त्यांच्या बाबतीत यंत्राची ही जादू चालली नाही. मला याचं नवल वाटलं नाही. कॉलेजातल्या पोराला संगणक आपला वाटतो, समोरचा माणूस परका. वस्तीतल्या पोराला समोर मांडी घालून बसलेला, आपल्याच भाषेत बोलणारा माणूस निदान दिसतो तरी. कानात बोलणारी बाई कोण, ती हे सगळं घेऊन कुठे जाणार, याची खात्री त्याला कुणी द्यायची? पण हा माझा अंदाज झाला, आणि माझ्या अंदाजाला कोणी विचारत नाही हीच तर तक्रार आहे.

दुसरा उपाय याहून भारी. स्टॅन्ली वॉर्नर नावाच्या अमेरिकी माणसाने १९६५ मध्ये तो सुचवला, आणि त्याची पुढे बरीच रूपं निघाली. त्यातलं सोपं रूप असं: तुमच्या हातात नाणं द्यायचं. तुम्ही ते आडोशाला उडवायचं. छापा पडला तर खरं काहीही असो, "हो" म्हणायचं. काटा पडला तर खरं बोलायचं. विचारणाऱ्याला नाणं दिसत नाही, त्यामुळे तुमचा "हो" तुमचा की नाण्याचा, हे त्याला कधीच कळत नाही. पण शंभर जणांचा हिशेब त्याला लागतो. शंभरांतले साधारण पन्नास नाण्यामुळे "हो" म्हणणार. एकूण साठ "हो" आले तर वरचे दहा उरलेल्या पन्नासांतले, म्हणजे वीस टक्के लोक ती गोष्ट करतात.

गणित निर्दोष आहे, मी दोनदा ताडून पाहिलं. पण गणिताने ओसरी पाहिलेली नाही. समजा, मला विचारलं, "परस्त्रीशी संबंध?" आणि पडला छापा. शास्त्राच्या सेवेसाठी मी खणखणीत "हो" म्हणायचं, आतून ही ऐकणार, दारातून सूनबाई ऐकणार, आणि मी त्यांना काय दाखवायचं? रुपयाचं नाणं? मग पुढच्या दिवाळीपर्यंत त्या घरात राहायचंय कुणाला, वॉर्नरसाहेबांना? पुष्कळ लोक नाण्याने "हो" म्हणायला सांगितलं तरी "नाही" म्हणून मोकळे होतात, अशी नोंद पुढच्या संशोधकांनी केली आहे. वर तेही नियमभंगाच्या सदरात टाकलं. संसार वाचवणं हा नियमभंग!

आता आपल्या सरकारचं बघू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण १९९२-९३ पासून चालू आहे. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, ती ते चालवते. २०१९ ते २१ च्या पाचव्या फेरीत ७ लाख २४ हजारांवर बायका आणि १ लाखावर पुरुष प्रश्नांना बसले. एवढ्या लोकांत आमच्या घरी कुणी आलं नाही हा वेगळा विषय आहे, तो मी इथे काढत नाही.

यातल्या १९९८-९९ च्या दुसऱ्या फेरीत एक मजेदार व्यवस्था होती. घरातलं कोण विडी ओढतं, कोण तंबाखू खातं, कोण दारू पितं, हे त्या त्या माणसाला विचारलंच नाही. घरातला जो माहितगार समोर बसला, त्याने सगळ्यांच्या वतीने सांगायचं. आमच्या घरात तेव्हा माहितगार म्हणजे आमचे वडील. त्यांच्या समजुतीप्रमाणे त्यांच्या चारही मुलांना चहासुद्धा चालत नव्हता. आईबद्दल विचारलं असतं तर त्यांनी दुखावल्या सुरात सांगितलं असतं, "बाई माणूस तंबाखू कशाला खाईल?" आणि आई त्याच वेळी मागच्या अंगणात बसून डबीतली मिश्री दातांना लावत असती. मिश्री म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखूच, पण महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी बायकांच्या हिशेबी ते दात घासणं असतं. खाणं नव्हे. "तंबाखू खाता का" म्हणून विचारलंत तर त्या माउल्या "नाही" म्हणणार, आणि खोटं त्यात काडीचं नसणार. डबीकडे बोट दाखवून विचारा, लगेच सांगतील, वर तुम्हाला चिमूटभर देऊ करतील.

शौचालयाचंही तेच. आपल्या खेड्यांत संशोधकांनी प्रश्न दोन तऱ्हांनी विचारून पाहिला. काही घरांत एकदाच, "तुमच्या घरातले लोक शौचाला कुठे जातात?" काही घरांत एकेकाचं नाव घेऊन: हे कुठे जातात, त्या कुठे जातात, आजोबा कुठे जातात? नावं घेतल्यावर उघड्यावर जाणाऱ्यांचं प्रमाण शेकडा वीसच्या आसपास वाढलं. यात लबाडी कुणाची? घराचं उत्तर घराला शोभेल असंच असणार. आजोबांना कोंडून वाटल्यासारखं होतं म्हणून ते अजून ओढ्याकाठीच जातात, ही आजोबांची वैयक्तिक बाब आहे. ती त्यांच्या नावाने विचारली, तर सांगितली.

या साऱ्या कारभारात एक नियम मात्र मला सापडला, जो करणारा माणूस खऱ्याखुऱ्या घरात बसून आलेला असावा. घरातल्या मारहाणीचे प्रश्न राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आहेत. ते एका घरात एकाच बाईला विचारायचे, ती पूर्ण एकटी असेल तेव्हाच. कुणी डोकावलं तर विषय बदलायचा, आणि एकांत मिळालाच नाही तर तो भाग सरळ सोडून द्यायचा. चूक नाही. तिच्या उत्तराची किंमत रात्री तिनेच मोजायची असते. पण मग ज्या घरात तिला घटकाभर एकटी बसूच देत नाहीत, त्या घराचा रकाना कोराच राहतो. त्यावर उपाय माझ्यापाशी नाही, आणि नाणं उडवून तो निघेल असं मला वाटत नाही.

परदेशी लोक यात आपल्यापेक्षा सरळ असतील, असं तुम्हाला वाटत असेल तर ब्रिटनचं घ्या. तिथे लैंगिक वर्तनाचं मोठं सर्वेक्षण करायचं ठरलं, तेव्हा १९८९ मध्ये थॅचरबाईंच्या सरकारने पैसे द्यायला नकार दिला. शेवटी वेलकम ट्रस्टने दिले. त्याच मालिकेतल्या तिसऱ्या सर्वेक्षणात पुरुषांनी आयुष्यातल्या भिन्नलिंगी जोडीदारांची सरासरी सांगितली चौदा, बायकांनी सात. आता हा व्यवहार दोन्ही बाजूंना नोंदवला जातो. जमा तितकी नावे, एवढं आवक-जावकवाल्याला तरी कळतं. उरलेले सात कुठून आले? काही भानगडी थोड्याच लोकांच्या खात्यावर असतात हे खरं, पण संशोधकांना आणखी एक कारण सापडलं: बायका बऱ्याचदा एकेक आठवून मोजतात, पुरुष बऱ्याचदा गोळाबेरीज करतात. म्हणजे बायकांनी हिशेबपत्रक दिलं आणि पुरुषांनी अंदाजपत्रक सादर केलं. दारूचं याच्या नेमकं उलट. बऱ्याच देशांत लोकांनी सर्वेक्षणात कबूल केलेली दारू एकत्र केली तर विकल्या गेलेल्या दारूच्या जेमतेम निम्मी भरते. उरलेली निम्मी कोण पितं, याचा तपास चालू ठेवून फाइल बंद करण्यात आली असावी.

नुसतं "तुम्ही आजारी आहात का" विचारलं तरी घोळ होतो. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हे दाखवून दिलं. तेव्हा केरळातले लोक देशात सर्वांत जास्त जगत होते, आणि आम्ही आजारी आहोत असंही तेच सर्वांत जास्त सांगत होते. बिहारातले लोक कमी जगत होते आणि तक्रारही कमी करत होते. दवाखाना जवळ, शाळा झालेली, तर माणसाला आपल्याला काय झालंय ते कळतं. आमचे एक मामा "मला काही एक झालेलं नाही" असं अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत सांगत होते. सरकारदरबारी ते अतिशय निरोगी गृहस्थ म्हणून गेले.

संशय विचारणाऱ्यावर घेणारा माणूस मला एकच आढळला: संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस. बंगालात ताग किती पिकला याच्या पाहण्या करताना त्यांनी एक युक्ती केली. त्याच भागात नमुन्याचे दोन स्वतंत्र संच, दोन वेगळ्या तुकड्या, एकीला दुसरीचा पत्ता नाही. दोघींचे आकडे जुळले तर ठीक. नाही जुळले तर तागाला दोष द्यायचा नाही, मोजणाऱ्याला बोलवायचं. किती न्यायी माणूस! तागाला जे संरक्षण मिळालं ते मला मिळायला काय हरकत होती? माझ्याकडेही दोन आशाताई पाठवा. एक अण्णा असताना, एक अण्णा गावाला गेले असताना. मग ठरवा विसंगती कुठे आहे.

पण तसं होणार नाही. आता सगळं मोबाइलवर आलंय. परवा एका आरोग्य-पाहणीची लिंक आली. वर ठळक अक्षरांत: ही प्रश्नावली आपण स्वतः, एकांतात भरावी, आपली उत्तरं गोपनीय राहतील. मला बरं वाटलं. म्हटलं, उशिरा का होईना, दखल घेतली गेली. अक्षरं मात्र मुंगीएवढी. चष्मा सापडेना. मग नातवाने फोन घेतला आणि दिवाणखान्याच्या मध्यभागी उभं राहून, शाळेत प्रार्थनेच्या वेळी सुविचार वाचतात त्या आवाजात वाचायला सुरुवात केली: "रात्री लघवीसाठी किती वेळा उठावं लागतं?" पर्याय चार. ही म्हणाली, तीनदा. सूनबाई म्हणाल्या, बाबांच्या खोलीचा दिवा दोनदाच लागतो. चिरंजीव आतून ओरडले, फ्लशच्या आवाजावरून चार. अण्णा होतेच, त्यांनी त्यांचा स्वतःचा आकडा सांगितला, जो कुणी मागितला नव्हता. दहा मिनिटं चर्चा झाली, दोन्ही बाजू ऐकून घेतल्या गेल्या, आणि नातवाने बहुमताने "तीन किंवा अधिक" यावर बोट ठेवून पुढचा प्रश्न उघडला. मला या साऱ्यात अजिबात विचारलं नाही, असं मी म्हणणार नाही. मला दोनदा विचारलं, की आजोबा, चष्मा शेवटचा कुठे ठेवला होतात?